धागा: माहिती सगळी गोळा झालीय, फक्त लिहायचं राहिलंय

सिंदफणा (रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. समाजशास्त्रात पीएचडीची नोंदणी होऊन पाचवं वर्ष लागलंय. मंजूर शीर्षक असं: 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या पाल्यांच्या शैक्षणिक समस्यांचा चिकित्सक अभ्यास'.

काम केलं नाही असं नाही. दोन हंगाम धारूर-वडवणी भागातल्या वाड्यावस्त्यांवर फिरले. दसरा झाला की गावं कशी रिकामी होतात ते बघितलं. एकदा ऊसतोड कामगारांच्या टोळीच्या मागोमाग कारखान्यापर्यंत गेले, खोपीत दोन रात्री राहिले. मुलाखतींच्या सात वह्या भरल्यात. शाळांच्या हजेरीपत्रकांच्या नोंदी उतरवून घेतल्यात. झेरॉक्सच्या गठ्ठ्यांनी लोखंडी कपाटाचा एक खण भरलाय.

लिहायला बसले की 'प्रकरण पहिले: प्रस्तावना' असा मथळा टाकते, खाली 'शिक्षण हा मानवी विकासाचा पाया आहे' हे वाक्य लिहिते, आणि तिथंच थांबते. गेल्या वर्षभरात हे वाक्य कितीदा लिहिलं नि खोडलं, मोजलं नाही. गाइड सर म्हणतात, 'माहिती तर सगळी आहे, आता फक्त लिहायचं राहिलंय, बसा आणि लिहून काढा.' घरीही हेच विचारतात.

कोर्सवर्कला नमुना निवड शिकवली, प्रश्नावली शिकवली, काय-स्क्वेअर ही आकडेवारीची चाचणीसुद्धा शिकवली. पण माहिती आणि प्रबंध या दोघांच्या मधे काय करायचं असतं, ते कुणी सांगितलं नाही. ज्यांनी हे पार केलंय त्यांनी कृपया सांगा. कुठून सुरू करायचं?

तेरणाकाठ (रात्री ११:५८)

ताई, तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं. मी तीन वर्षांपूर्वी याच जागी होते. नोंदणीच्या मुदतीची धास्ती असेल तर आधी एक सांगते: सहा वर्षांची मर्यादा असली तरी युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत महिलांना दोन वर्षांची सवलत आहे, आणि बाळंतपण-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा वेगळी. विद्यापीठात लेखी अर्ज करून ठेवा. बाकी उद्या सविस्तर लिहिते.

जुना_मार्गदर्शक (सकाळी ६:१५)

सिंदफणाताई, निवृत्त होऊन काही वर्षं झालीत, पण हा धागा सोडून पुढं जाववेना.

'फक्त लिहायचं राहिलंय' या वाक्यानं आपल्याकडची किती चांगली पोरं अडकून पडलेली पाहिली. या वाक्यात असं गृहीत धरलेलं असतं की विचार आधीच झालाय, आता तो कागदावर उतरवायचा. तसं नसतं. काय म्हणायचंय ते लिहितानाच ठरतं. म्हणून तुम्ही आळशी नाही आणि कच्च्याही नाही. तुम्हाला एक काम बाकी आहे म्हणून सांगितलंय, प्रत्यक्षात चार बाकी आहेत: प्रश्न ठरवणं, आराखडा, खर्डा आणि पुनर्लेखन.

आणखी एक. मराठवाड्यात विद्यापीठ आलं १९५८ साली, नांदेडचं १९९४ ला. त्याआधी पुढचं शिकायचं तर हैदराबादची वाट धरावी लागे. घरात प्रबंध लिहिणारं माणूस कधी पाहिलेलंच नाही, ही इथल्या बहुतेकांची गोष्ट आहे. मोटर दुरुस्त करणाऱ्याचा पोरगा वडलांच्या हाताखाली बघून शिकतो. तुम्हाला कच्चा खर्डा कसा दिसतो, तो किती वाईट असतो, हे बघायलाच मिळालेलं नाही. ग्रंथालयात मिळतो तो बांधलेला प्रबंध, सोनेरी अक्षरांचा.

आता कामाचं. तुमचं शीर्षक हा विषय आहे, प्रश्न नाही. 'शैक्षणिक समस्या' या पोत्यात काहीही बसतं, आणि ज्यात काहीही बसतं त्याचं पहिलं वाक्य सापडत नाही. सातही वह्या बंद करा. न बघता मला सांगा: दोन हंगामांत तुम्ही जे धरून चालला होता, ते कुठं खोटं ठरलं?

सिंदफणा (रात्री १०:०५)

सर, दिवसभर कॉलेजात हाच विचार चालू होता.

मी धरून चालले होते की मूल आईबापांसोबत कारखान्यावर गेलं की शाळा सुटते, आणि गावात मागं राहिलं की टिकते. हंगामी वसतिगृहाची योजनासुद्धा त्याच विचारावर उभी आहे, मूल गावातच राहावं म्हणून.

पण एका वस्तीवर सकाळी साडेदहाला गेले तर आठवीतली मुलगी चुलीपुढं, कडेवर दोन वर्षांचा भाऊ. आईबाप कोयत्यावर गेलेले. शाळेत जाऊन हजेरीपत्रक पाहिलं तर त्या दिवशी ती हजर. परत येऊन आजीला विचारलं, पोरगी शाळेत जात नाही का? आजी म्हणाली, 'जाती की. नाव हाय की तिचं साळंत.' खोटं बोलत नव्हती हो ती. तिच्या मनात खरंच तसं होतं.

असं थोरल्या मुलींच्या बाबतीत परत परत दिसलं. मुलांचं इतकं नाही.

जुना_मार्गदर्शक (सकाळी ६:०२)

ताई, हाच तुमचा प्रबंध आहे. तो तिसऱ्या-चौथ्या वहीत पडून होता आणि तुम्ही मानवी विकासाच्या पायात अडकला होता.

प्रश्न असा लिहून भिंतीवर चिकटवा: 'आईबाप हंगामाला गेल्यावर गावात मागं राहिलेल्या मुलांची पटावरची हजेरी आणि प्रत्यक्ष शिकणं यांत अंतर का पडतं, आणि थोरल्या मुलींच्या वाट्याला ते वेगळं कसं येतं?' शीर्षक बदलायची गरज नाही, त्याखाली हा प्रश्न आरामात बसतो. पण आता प्रत्येक झेरॉक्सला, प्रत्येक मुलाखतीला एकच विचारायचं: या प्रश्नाला तू काय सांगतेस? जी काहीच सांगत नाही ती बाजूला. फेकायची नाही, बाजूला. जीव तुटतो, मला माहीत आहे, उन्हातान्हात फिरून आणलेलं असतं. तरी बाजूला.

मग आराखडा. प्रकरणांची नावं लिहिणं म्हणजे आराखडा नव्हे. 'प्रकरण ४: माहितीचे विश्लेषण' यातून काय कळलं? प्रत्येक प्रकरणासमोर एक पूर्ण वाक्य लिहा, क्रियापदासकट. उदाहरणार्थ, 'प्रकरण ४: हजेरीपत्रक मुलीची गैरहजेरी लपवतं, कारण पट टिकवणं शाळेलाही हवं असतं आणि घरालाही.' हे चुकीचं निघेल कदाचित. निघू द्या. चुकीचं वाक्य दुरुस्त करता येतं, मथळा दुरुस्त करता येत नाही.

मोडीवाचक (सकाळी ९:३०)

सरांच्या बोलण्यात नोंदींचं थोडं घालतो, कारण माझं घोडं तिथंच अडलं होतं. मी इतिहासाचा. निजाम काळातल्या महसुलावर काम, हैदराबादच्या तारनाक्याच्या अभिलेखागारात महिनोन्महिने बसलो. कागदांवर सन फसली, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचं तेव्हाचं वर्ष. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण दोन्ही वर्षं एकाच दिवशी सुरू होत नाहीत, त्यामुळे कधी ५९० तर कधी ५९१. मी शहाणपणानं नोंदी करताना थेट इसवी सन लिहीत गेलो, मूळ तारीख उतरवलीच नाही. दोन वर्षांनी लिहायला बसलो तर कोणता आकडा कागदावरचा आणि कोणता माझा, काही कळेना. पुन्हा तिकीट काढून हैदराबाद.

तेव्हापासून वहीचं पान मधोमध दुमडतो. डावीकडे फक्त समोरच्या कागदात किंवा माणसाच्या तोंडात जे आहे तेच, अक्षर न बदलता. उजवीकडे माझं म्हणणं. आणि वर फाइल, पान, दिवस. ताई, आजीचं वाक्य तुम्ही 'साळंत' असंच लिहिलंय, हे फार बरं केलं. ते 'शाळेत' करू नका. मुलाखत प्रमाण मराठीत आणून लिहिली की तिच्यातला पुरावा जातो.

पूर्णाकाठ (दुपारी १:२०)

मी परभणीला कृषी विद्यापीठात आहे. आमच्याकडे लिहिण्याचा क्रम छापील क्रमापेक्षा उलटा असतो, तो सांगतो, तुमच्या शाखेला किती लागू पडेल ते तुम्ही ठरवा. सोयाबीनचे दोन खरीप संपले की आधी तक्ते. मग साहित्य आणि पद्धती, कारण काय केलं ते आपल्याला पाठ असतं, त्यात अडायला जागाच नाही. मग निष्कर्ष, मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर, आणि सारांश सगळ्यांत शेवटी. वाचणारा पहिल्या पानापासून वाचतो म्हणून लिहिणाऱ्यानं तिथून लिहायला हवं असं नाही. प्रस्तावनेत आपण वाचकाला कुठं नेणार ते सांगतो. कुठं पोहोचलो हे माहीत नसताना ती कशी लिहिणार?

ताई, तुम्ही उद्याच 'संशोधन पद्धती' घ्या. किती वस्त्या, कोणत्या महिन्यांत, कोणाला भेटलात, हजेरीपत्रक कसं मिळालं. दोन संध्याकाळी पुरे होतात.

मांजरा७ (दुपारी ३:४५)

एवढा त्रास कशाला घेता? माहिती देऊन टाका, लिहून देणारे मिळतात, महिन्यात प्रबंध हातात. आता तर संगणकालाच सांगितलं की तो प्रकरणं लिहून देतो. नोकरीतली बढती महत्त्वाची.

तेरणाकाठ (सायंकाळी ५:१०)

मांजरा७, तुमच्या मनात वाईट नसेल, पण मला हे फार लागलं. त्या मुलीच्या आजीनं ताईंना ओसरीवर बसवून सांगितलं, ते ताईंवर विश्वास ठेवून. ते दुसऱ्याला विकत लिहायला द्यायचं? आणि तोंडी परीक्षेला बहिःस्थ परीक्षक विचारतात, 'तुम्ही पान ११२ वर असं का म्हटलंय?' तेव्हा कोण उत्तर देणार? माझ्या ओळखीतल्या एकाला त्या खुर्चीत घाम फुटलेला मी पाहिलाय. त्याचं नाव-गाव नको.

ताई, परवा म्हटलं होतं ते लिहिते. मी पहाटे साडेचार ते सहा लिहायची, पोरं उठायच्या आत. नियम एकच: त्या दीड तासात खोडायचं नाही. वाक्य मोडकं असो, ऱ्हस्व-दीर्घ चुको, आकडा आठवत नसेल तर 'इथं आकडा' असं कंसात लिहून पुढं. पहिला खर्डा म्हणजे मळणीआधीची रास. उफणायचं नंतर. दोन्ही कामं एका वेळी करायला गेलं की हातात ना धान्य येतं ना भुसा. चार महिन्यांत दोनशेच्या वर पानं झाली. वाईट होती, पण होती. गाइडना दाखवायला काहीतरी झालं.

आणि उठताना वाक्य अर्धवट सोडून उठायची. दुसऱ्या दिवशी ते पूर्ण करायचं म्हणून हात आपोआप चालायचा.

गेटसमोरचा_टायपिस्ट (रात्री ८:३०)

मी प्राध्यापक नाही. विद्यापीठाच्या गेटसमोर वीस वर्षांपासून टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान आहे. शेवटच्या पंधरवड्यात लेकरं रडकुंडीला येतात ती माझ्यासमोर, म्हणून तीन गोष्टी सांगतो.

पहिली, फॉन्ट. अजूनही कैक जण जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणतात, श्रीलिपी म्हणा, कृतिदेव म्हणा. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत संगणकाला ती रोमन अक्षरंच वाटतात. वाङ्मयचौर्य तपासायच्या सॉफ्टवेअरला मग त्यात काही वाचता येत नाही. युनिकोडमध्ये बदलून घेता येतं, पण माझ्या अनुभवात 'दुसऱ्या', 'ऱ्हास' असले र आणि रफार हमखास बिघडतात. चारशे पानं डोळ्यांखालून घालावी लागतात. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच लिहा.

दुसरी, 'तत्रैव', म्हणजे 'वरच्याच पुस्तकात'. लोक खर्ड्यापासूनच तळटीपेत 'तत्रैव' लिहितात. मग गाइड म्हणतात हा परिच्छेद तिकडं न्या. परिच्छेद हलतो, 'तत्रैव' त्याच्यासोबत हलतो, आणि तिथं वर दुसरंच पुस्तक असतं. तुमचा उतारा भलत्याच लेखकाच्या नावावर जातो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता गिऱ्हाईक आलं की आधी तेच विचारतो. खर्ड्यात प्रत्येक ठिकाणी आडनाव, साल, पान पुरतं लिहा. 'तत्रैव' करायचंच असेल तर परिच्छेद हलायचे थांबल्यावर, सगळ्यात शेवटी.

तिसरी, टक्केवारी. युजीसीचे २०१८ चे नियम आहेत. दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचं. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. योग्य श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत. लोक घाबरून माझ्याकडे येतात नि म्हणतात, 'काका, शब्द फिरवून द्या.' मी देत नाही. शब्द फिरवून चोरी थोडीच मिटते? ज्याचं त्याला श्रेय द्या, आकडा आपोआप खाली येतो.

मोडीवाचक (रात्री ९:०२)

काकांचा 'तत्रैव'चा मुद्दा सोन्यासारखा. माझ्याकडे हे झालंय. परीक्षकानं पकडलं.

जुना_मार्गदर्शक (सकाळी ६:२०)

पूर्वीचे प्रबंध बघायचे असतील तर 'शोधगंगा'वर जा, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचं प्रबंधांचं ऑनलाइन भांडार आहे, घरबसल्या मिळतं. पण अख्खे वाचत बसू नका. तीन निवडा, अनुक्रमणिका आणि शेवटचं प्रकरण वाचा, आणि विचारा की यांनी कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ज्यात प्रश्न सापडत नाही त्याचा नमुना घेऊ नका, मग तो कुणाचाही असो.

पुनर्लेखनाबद्दल एक. खर्डा झाला की पंधरा दिवस कपाटात ठेवा. मग काढा आणि समासात प्रत्येक परिच्छेदासमोर चार-पाच शब्दांत लिहा की हा काय म्हणतो. लिहिता आलं नाही तर तो परिच्छेद काहीच म्हणत नाही. दोनदा तेच लिहावं लागलं तर एक काढा. नंतर फक्त समासातले शब्द वरून खाली वाचा. तिथं माळ तुटली तर प्रबंधही तिथंच तुटलेला असतो. शुद्धलेखन तपासायची वेळ यानंतरची. उद्या जो परिच्छेद काढून टाकायचाय त्याच्या वेलांट्या आज दुरुस्त करण्यात किती उमेदवारांचे महिने गेले असतील.

सिंदफणा (तीन आठवड्यांनी, रात्री १०:५०)

सगळ्यांना नमस्कार. पद्धतीचं प्रकरण झालं. सतरा पानं. गाइड सरांना दिलं, त्यांनी वाचलं, आणि पहिल्यांदाच प्रश्न विचारले.

चौथ्या प्रकरणातला एक परिच्छेद इथं टाकते. आधी हा असा होता:

'ऊसतोड कामगारांच्या पाल्यांना अनेक शैक्षणिक समस्यांना सामोरे जावे लागते. स्थलांतरामुळे त्यांच्या शिक्षणावर प्रतिकूल परिणाम होत असल्याचे दिसून येते. शासनाने यावर उपाययोजना करणे गरजेचे आहे.'

आता असा झालाय:

'पटावर नाव असणे आणि शाळेत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे थोरल्या मुलींच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. एका वस्तीवर हजेरीपत्रकात उपस्थित असलेली आठवीतील मुलगी त्याच सकाळी साडेदहा वाजता घरी धाकट्या भावाला सांभाळताना आढळली. तिच्या शिक्षणाविषयी विचारले असता आजी म्हणाली, "नाव हाय की तिचं साळंत." कुटुंबाच्या लेखी शिक्षण म्हणजे पटावर टिकून राहिलेले नाव, एवढाच अर्थ येथे उरतो.'

जुना_मार्गदर्शक (सकाळी ५:५५)

ताई, पहिला परिच्छेद कोणीही, कुठंही न जाता लिहू शकतो. दुसरा फक्त तुम्हीच लिहू शकता.

दोन सूचना. वस्तीचं नाव टाळलंत ते उत्तम. पण आठवी, दोन वर्षांचा भाऊ, आजी, एवढ्यावरून तिथल्या शिक्षकाला पोरगी ओळखता येईल, आणि प्रकरण हजेरीपत्रकाचं आहे. भावाचं वय यात नाही, ते पुढंही कुठं येऊ देऊ नका. इयत्तेऐवजी 'उच्च प्राथमिक वर्गातील' करा.

दुसरी सूचना मोठी. शेवटच्या वाक्यात तुम्ही एका आजीवरून सगळ्या कुटुंबांवर गेलात. बाकीच्या वह्यांत काय आहे? विशेषतः उलटं सांगणारी एखादी नोंद आहे का? असेल तर ती आधी शोधा. परीक्षकाच्या आधी आपण शोधलेली बरी.

सिंदफणा (दुसऱ्या दिवशी, रात्री ११:३०)

सर, सापडली. पाचव्या वहीत.

एक आजोबा, नात सातवीत, धाकटा नातू तीन वर्षांचा. आईबाप कारखान्यावर. ही मुलगी मात्र रोज शाळेत, मी तीन वेगवेगळ्या दिवशी गेले तेव्हा तिन्ही दिवशी वर्गात होती. मी तेव्हा शेजारी नुसतं 'अपवाद' असं लिहून पुढं गेले होते. आज नीट वाचलं तर आजोबांचं वाक्य आहे: 'ल्हान्याला अंगणवाडीत सोडतो अन् हिला साळंत, दोन्ही एकाच आवारात हायेत.'

मग बाकीच्या वस्त्या आठवायला लागले. जिथं थोरली मुलगी घरी दिसली, त्यांतल्या निदान दोन वस्त्यांवर अंगणवाडी नव्हती, मूळ गावात होती, मधे ओढा. मी हे कधी विचारलंच नव्हतं, कारण माझा विषय शाळा होता, अंगणवाडी नव्हता.

शेवटचं वाक्य खोडलंय. उद्या रविवार आहे. सातही वह्या पुन्हा काढते, आणि प्रत्येक वस्तीपासून अंगणवाडी किती लांब, ते तालुक्याच्या नकाशावर पेन्सिलीनं लिहिते.